चोवीस दिवसांचे शेजारी

एस.टी.च्या खिडकीतून आत रुमाल टाकून जागा धरण्याची कला आपल्यापैकी बहुतेकांना अवगत आहे. रुमाल जागा धरतो, माणूस मागाहून येऊन बसतो आणि रुमालाचे काम तिथे संपते. आमच्या वैद्यकीय व्यवसायातही असाच एक रुमाल असतो. त्याला 'लोकम' म्हणतात. मूळ लॅटिन शब्द 'लोकम टेनेन्स', म्हणजे जागा धरून ठेवणारा. नेहमीचे डॉक्टर आजारी पडले किंवा रजेवर गेले की त्यांच्या खुर्चीवर काही दिवस दुसरा डॉक्टर बसतो, तो लोकम. वसईतही आपले नेहमीचे डॉक्टर गावाला गेले की दवाखान्यात नवा चेहरा दिसतो आणि आपण मनाशी ठरवतो, फार काही नसेल तर चार दिवसांनीच यावे.

2023 च्या ऑगस्ट महिन्यात आम्ही पती-पत्नी असेच रुमाल होऊन सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एका बंदरगावी गेलो होतो. तिथे एक छोटेसे, वीस खाटांचे रुग्णालय आहे. ते चालवणारे डॉक्टर बायपाससाठी मुंबईला आले होते. ते आमचे कॉलेजातील ज्येष्ठ मित्र. "तुम्ही दोघे चोवीस दिवस कॅज्युअल्टी सांभाळा, पुढचे मी बघतो," असे त्यांनी फोनवर सांगितले आणि आम्ही हो म्हटले. आम्हां दोघांचेही आयुष्य मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांच्या तातडीच्या विभागात गेले. वीस खाटांचे आम्हांला काय अवघड, असे जाताना वाटत होते हे कबूल केले पाहिजे.

त्या चोवीस दिवसांतील एक गोष्ट आम्हांला अजून सोडत नाही. ती आपल्या धर्मग्रामातील बंधुभगिनींसमोर मांडावी की नाही, यावर आमचे घरात पुष्कळ बोलणे झाले. अखेर मांडतो आहोत.

पहिल्या दिवशी सकाळी कुणाचा तरी ताप तपासत असताना त्या माणसाने विचारले, "डॉक्टरानू, तुमी किती दिस रवतलास?" आम्ही सांगितले, चोवीस. तो "बरा" म्हणाला आणि गोळ्या घेऊन गेला. मग दुसऱ्याने तेच विचारले. मग तिसऱ्याने. आठवड्याभरात आमच्या लक्षात आले की त्या गावात नव्या डॉक्टरला नाव, गाव, शिक्षण यांतले काही विचारत नाहीत. तो किती दिवस राहणार, एवढेच विचारतात आणि त्या उत्तरावरून त्याला काय सांगायचे आणि काय नाही ते ठरवतात.

याची एक बाजू आम्हांला अनपेक्षित होती. काही गोष्टी लोक आम्हांला मुद्दाम सांगत, कारण आम्ही जाणार होतो. एका खलाशाने दारूचा खरा आकडा सांगितला. आपल्या मित्राला त्याने तो वीस वर्षांत सांगितला नव्हता, कारण ते त्याच्या भावाच्या लग्नात पंगतीला शेजारी बसले होते. एका सुनेने हातावरचे वळ दाखवले. उपवासकाळात आपल्या चर्चमध्ये प्रायश्चित्त संस्कारासाठी बाहेरचे धर्मगुरू येतात तेव्हा रांग कुणासमोर लांब असते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. जो उद्या रस्त्यात भेटणार नाही त्याच्यापुढे मन मोकळे करणे सोपे जाते. तेव्हा, पाहुणा डॉक्टर म्हणजे निव्वळ उणेपणा, असे समजण्याचे कारण नाही.

कामाचे स्वरूपही वेगळे होते. पावसाळी मासेमारी बंदी 31 जुलैला संपलेली, बोटी नुकत्याच समुद्रात उतरलेल्या. पाकटाचा काटा लागलेला हात, दोरीत चिरडलेले बोट, लाटेने फळीवर आपटलेला माणूस. पाकटाच्या काट्याची कळ गरम पाण्यात हात बुडवून ठेवला की उतरते. हे पुस्तकात आहे. पण पाणी तापवायला मावशी आमच्या सांगण्याची वाट बघत थांबल्या नव्हत्या. एक दिवस कोल्हापूरकडच्या पर्यटकांपैकी एक मुलगा बुडाला. त्याला आम्ही वाचवू शकलो नाही. त्याविषयी इथे लिहीत नाही.

बाराव्या रात्री फुरसे चावलेली एक बाई आली. पस्तिशीची, गोठ्यात पाय ठेवताना चावलेले. फुरशाच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. ती पाहण्याची कसोटी अगदी साधी आहे. काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत थोडे रक्त घ्यायचे आणि वीस मिनिटे न हलवता ठेवायचे. मग नळी तिरकी करायची. रक्त पाण्यासारखे वाहिले तर विष अंगात भिनले आहे. त्या रात्री ते वाहिले. आम्ही प्रतिविषाच्या दहा कुप्या दिल्या. सहा तासांनी पुन्हा नळी तिरकी केली आणि रक्त पुन्हा वाहिले. कपाटात सहा कुप्या उरल्या होत्या.

आम्हांला औषधाची मात्रा ठाऊक होती, पण पहाटे तीन वाजता कुणाचे दार ठोठवायचे ते ठाऊक नव्हते. ते तिथल्या कंपाउंडरला ठाऊक होते. सरकारी रुग्णालयातील औषधसाठ्याची किल्ली कुणाकडे असते, तो माणूस कुठल्या वाडीत राहतो, त्याचा फोन लागत नसेल तर शेजारच्या कुणाला उठवायचे, हे सारे त्याच्या डोक्यात होते. तो भर पावसात स्कूटर काढून गेला आणि दीड तासाने रेनकोटाच्या आत पिशवी धरून परत आला. ती बाई वाचली. तिच्या नवऱ्याने आमचे पाय धरले तेव्हा आम्ही संकोचून कंपाउंडरकडे बोट दाखवले, पण त्याचे लक्ष नव्हते. तो ओला शर्ट पिळत होता.

लोकमविषयी एक आक्षेप घेतला जातो आणि त्यात तथ्य आहे. जागा धरणारा असला की रिकामी जागा रिकामी दिसत नाही. स्कॉटलंडच्या बेटांवर आणि कॅनडाच्या किनाऱ्यावर लहान रुग्णालये अशा फिरत्या डॉक्टरांवर चालतात. आपल्याकडेही एम.बी.बी.एस. झालेली मुले बंधपत्राचे एक वर्ष खेड्यात काढतात आणि दिवस मोजतात. प्रत्येक जण भोक बुजवून जातो, म्हणून भिंत पडत नाही, आणि पडत नाही म्हणून कुणी बांधत नाही. शिवाय आम्हांला दिवसाला जे मानधन मिळाले ते तिथल्या सिस्टरच्या आठवड्याच्या पगाराएवढे होते. सिस्टरने ते कधी बोलून दाखवले नाही. तिला ठाऊक मात्र होते, कारण व्हाउचर तिनेच आणून दिले.

राहण्याने काय घडते याचे उदाहरण कोकणातच आहे. 1976 साली मराठवाड्यातील एक तरुण डॉक्टर महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाला. लाल विंचू चावलेली मुले तिथे डोळ्यांदेखत दगावत होती. डॉ. हिंमतराव बावस्कर रात्र रात्र त्या मुलांच्या खाटेशी बसून निरीक्षणे लिहू लागले. हृदयावर काय परिणाम होतो, फुप्फुसांत पाणी केव्हा भरते, हे त्यांनी टिपले आणि पुढे रक्तदाबावरचे प्राझोसिन हे औषध या दंशावर वापरून पाहिले. 1980 च्या दशकात त्यांचे हे काम 'लॅन्सेट' या जगन्मान्य नियतकालिकात छापून आले, मृत्यूंचे प्रमाण फार खाली आले आणि 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. चोवीस दिवसांत विंचवाच्या दोन-तीनच केसेस दिसतात. दोन-तीन केसेसमधून ही अक्कल येत नाही. त्यासाठी तोच विंचू, तेच गाव आणि तोच पावसाळा पुन्हा पुन्हा पाहावा लागतो. बावस्करांसारखे राहणे आमच्या हातून झाले नाही. आमची मुले, कर्ज, आईचे आजारपण, सगळी कारणे होती आणि ती खरी होती.

आता ती गोष्ट.

एकविसाव्या दिवशी रात्री साडेदहाला मासळी विकणाऱ्या एक काकी दम्याने घुसमटत आल्या. वय पंचावन्नच्या आसपास. वाफ दिली, इंजेक्शन दिले, तासाभराने श्वास मोकळा झाला. छाती तपासताना आमच्यापैकी जिला सगळे 'बाई' म्हणत, तिच्या हाताला डाव्या स्तनात कठीण गाठ लागली. वरची कातडी संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत झाली होती. "ही कधीपासून?" असे विचारले तेव्हा काकी म्हणाल्या, "आसा वरसभर. दुखणा नाय." दुखत नाही म्हणून त्यांनी ती कुणाला दाखवली नव्हती. (या निमित्ताने आपल्या भगिनींना सांगावेसे वाटते की कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही. दुखत नाही म्हणून कुणी निश्चिंत राहू नये.)

काकींना पलंगावर पडू देऊन आम्ही दोघे बाहेरच्या व्हरांड्यात उभे राहिलो. समोर अंधारात समुद्राचा आवाज येत होता. आपल्याला सांगायला हवे, यावर दुमत नव्हते. पण सांगितले की त्या विचारणार, आता कुठे जायचे, किती खर्च, बरोबर कोण येणार, बरे होईल का. या प्रत्येक प्रश्नासाठी पुढचे महिने लागणार होते आणि आमच्याजवळ तीन दिवस होते. आमचे मित्र त्यांना वीस वर्षे ओळखतात. त्यांचा मुलगा कुठे असतो, सुनेशी पटते की नाही, कोल्हापूरला कुणी नातेवाईक आहे का, हे त्यांना माहीत. एवढी मोठी गोष्ट ओळखीच्या तोंडून ऐकणे बरे. अनोळखी माणसाने रात्री अकराला घरावर दगड टाकून सकाळी गाडी पकडावी, हे क्रूरपणाचे नाही का? असे आम्ही बोललो. ते सारे शहाणपणाचे वाटले आणि आजही त्यातील एकेक वाक्य वेगळे काढले तर चुकीचे म्हणता येणार नाही.

आम्ही आत आलो आणि काकींना म्हणालो, "मोठे डॉक्टर आले की एकदा दाखवून घ्या हं." त्या "होय" म्हणाल्या. केसपेपरवर गाठीचे वर्णन लिहिले, तपासण्या लिहिल्या आणि निरोप द्यायच्या वहीत लाल शाईने, अधोरेखित करून, 'रुग्णाशी सविस्तर बोलावे' असे लिहिले. चोविसाव्या दिवशी सिस्टरने शहाळी दिली, मावशींनी कुळथाची पिठी बांधून दिली, आणि आम्ही कणकवलीहून गाडीत बसलो.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मित्राचा फोन आला. त्यांच्या जखमेत पू झाल्याने विश्रांती लांबली होती. मधल्या काळात आणखी दोन पाहुणे डॉक्टर येऊन गेले. वही टेबलाच्या खणातच होती, पण त्यांनी ती उघडली नव्हती. उघडावी असे त्यांना कुणी सांगितले नव्हते, आणि सांगण्याचे काम आमचे होते हे आम्हांला फोन कानाशी असतानाच कळले. काकी त्या काळात दोनदा दम्यासाठी येऊन गेल्या होत्या. साडेतीन महिने. मित्र रागावले नाहीत. "मी तिला उद्याच कोल्हापूरला पाठवतो," एवढेच म्हणाले.

त्या साडेतीन महिन्यांनी काय नेले, ते कुणालाही सांगता येणार नाही. गाठ आधीच वर्षभराची होती, कातडी आधीच ओढली गेली होती. कदाचित काहीच नेले नसेल. या 'कदाचित'चा आधार आम्ही काही दिवस घेऊन पाहिला.

नाताळच्या आधीच्या आठवड्यात घरी मुलांना धर्मशिक्षणाचा धडा समजावताना चांगल्या शोमरोन्याची गोष्ट निघाली. लहानपणी हे नाटुकले आपण सर्वांनी केले आहे. शोमरोनी व्हायला भांडण, लुटारू व्हायला त्याहून मोठे भांडण, आणि उतारशाळेचा मालक व्हायला कुणी तयार नसे, कारण त्याला एकही वाक्य नव्हते. त्या संध्याकाळी प्रथमच आमच्या ध्यानात आले की शोमरोनीसुद्धा लोकमच होता. त्याचा गाव तो नव्हे, तो वाटेवरून चाललेला. दुसऱ्या दिवशी तो निघून गेला आणि प्रभू येशू त्याला त्याबद्दल दोष देत नाही. तो थांबला नाही म्हणून कमी शेजारी ठरला, असे शुभवर्तमानात कुठेही सुचवलेले नाही. हे वाचून आम्हांला थोडे हायसे वाटले.

पण गोष्ट पुढे वाचली. जखमा बांधून, जनावरावर घालून त्याने त्या माणसाला उतारशाळेत आणले, ती रात्र त्याची सेवा केली. निघताना मालकाला गाठले, त्याच्या हातावर दोन नाणी ठेवली, याची काळजी घे म्हणून तोंडाने सांगितले आणि जास्त खर्च झाला तर परत येईन तेव्हा फेडीन असा शब्द दिला. उतारशाळेच्या भिंतीवर काही लिहून तो गेला नाही. मालकाने ऐकले आणि पैसे घेतले, हे पाहून तो निघाला. त्याच्या परत येण्याची गोष्ट लूकने लिहिलेली नाही. मालकाने मात्र वाट पाहिली असणार.

आम्ही वहीत लाल शाईने लिहिले ते कुणासाठी? खरे सांगायचे तर ते आमच्यासाठी होते. आम्ही केले, याचा पुरावा. ज्याच्या हातात द्यायचे तो हात समोर नसताना दिलेली वस्तू खाली पडते. हे आम्हांला वॉर्डात तीस वर्षे ठाऊक होते. पेशंट दुसऱ्या विभागात पाठवताना फोन केल्यावाचून आम्ही कधी पाठवला नाही. मग त्या रात्री का विसरलो? 'आपण तीन दिवसांचे' हा विचार एकदा मनात आला की तो अंग सैल करतो. ज्याला वेळ लागतो ते आपले नव्हे, असे तो कानात सांगतो. फुरसे चावलेल्या बाईला आम्ही चोवीस दिवसांचे आहोत म्हणून आठ कुप्याच दिल्या नव्हत्या. तिथे पूर्ण मात्रा दिली. सत्याची मात्रा देताना मात्र आम्ही हिशेब केला.

2024 च्या नोव्हेंबरात मित्राने पुन्हा विचारले. या वेळी चौदा दिवस. आम्ही गेलो. पोचलो त्या दिवशी सिस्टर, कंपाउंडर आणि मावशी यांच्याबरोबर बसून चहा घेतला आणि मागच्या ऑगस्टमध्ये काय घडले ते त्यांना सांगितले. कंपाउंडर म्हणाला, "माका सांगलात असतास तर मी गेलो असतंय तिच्या घराक." तो सहज म्हणाला. त्याचे घर काकींच्या वाडीतच आहे, हे आम्हांला तेव्हा कळले.

काकी पाचव्या दिवशी आल्या. मोठ्या उपचारांतून गेल्या होत्या, केस पुन्हा उगवत होते, बारीक झाल्या होत्या, पण टोपली घेऊन बसायला लागल्या होत्या. आजार मागे पडला की थोपून राहिला आहे, ते येणारी वर्षे सांगतील. आम्ही दोघांनी त्यांना खोलीत बसवले आणि जे घडले ते सांगितले. त्या रात्री आम्हांला गाठ लागली होती, ती कसली असणार याचा अंदाज आला होता, आणि आम्ही तुम्हांला सांगितले नाही.

काकी थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "माका त्याच रातीक कळला. बाईंचो हात थय थांबलो, नि मगे त्या कायच बोलाक नायत. माका वाटला, आता सांगण्यासारख्या कायच उराक नाय." म्हणून त्यांनी घरीही कुणाला सांगितले नाही. नंतर दोनदा दम्यासाठी आल्या, तेव्हाही गाठ दाखवली नाही. डॉक्टरच गप्प राहिले म्हणजे संपलेच, असे धरून त्या साडेतीन महिने टोपली घेऊन बाजारात बसल्या होत्या.

आम्ही माफी मागितली. त्यांनी पदराने तोंड पुसले आणि विचारले, "आता किती दिस रवतलास?" आम्ही सांगितले, अजून नऊ. मग त्यांनी मुलाच्या नोकरीची गोष्ट काढली, सुनेची काढली, कोल्हापूरच्या खोलीभाड्याची काढली. पुढच्या तपासणीला कोण सोबत जाईल ते ठरत नव्हते. ते ठरवायला कंपाउंडरला आत बोलावले. बराच वेळ गेला. बाहेर दोन पेशंट वाट पाहत होते, त्यांतल्या एकाने मावशींकडे तक्रारही केली.

जाताना त्यांनी टोपलीतून बांगडे काढले. आम्हांला वाटले भेट देत आहेत, म्हणून नको नको म्हणू लागलो. त्यांनी बांगडे पिशवीत घातले, भाव सांगितला आणि पैसे पुरते मोजून घेतले.